मेंदूंत अडकलेली नळी

मेंदूंत रक्त आणणारी धमनी व तें परत नेणारी नीला यांच्यामध्यें निसर्गानें केशवाहिन्यांचें जाळें विणलेलें असतें. रक्ताचा जोर तेथें ओसरतो. कांहीं जणांच्या मेंदूंत जन्मतःच एखाद्या ठिकाणीं जाळ्याऐवजीं नुसता गुंता असतो. मग धमनीचा सारा वेग नाजूक नीलेवर येतो आणि एखादे दिवशीं रक्तस्राव होतो. हा गुंता आंतून बुजविण्याच्या उपचारास संमति देणाऱ्या घरच्या मंडळींस त्यांतील अडचणी ठाऊक असाव्यात, असें आम्हांस वाटतें.

१९६० सालीं लुसेनहॉप व स्पेन्स या अमेरिकन डॉक्टरांनीं मानेंतील धमनीवाटे प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मेंदूकडे सोडल्या. प्रवाहच त्यांस गुंत्यापर्यंत नेईल, एवढाच भरंवसा! आज जांघेंतील धमनींतून शेवईसारखी बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत थेट गुंत्याशीं नेतात आणि ओनिक्स नांवाचें द्रव्य सावकाश सोडतात. त्यांत टँटलम धातूची पूड असल्यानें तें पडद्यावर दिसतें.

हें द्रव्य नळीच्या टोकामागें थोडें येऊन बूच बसणें इष्टच. पण फार मागें आलें कीं नळीच अडकते. येथें घाई घातक. नळीवर हलका ताण देऊन थांबावयाचें, मग तो किंचित् वाढवावयाचा. हिसका दिल्यास धमनी फाटण्याचें भय. इतकें करूनही न सुटल्यास नळी जांघेशीं कापून आंतच ठेवतात! ऐकणाऱ्यास हें भयंकर वाटेल, पण ओढून रक्तस्राव करण्यापेक्षां तेंच शहाणपणाचें. अलीकडे टोक सुटून मागें राहील अशा नळ्याही निघाल्या आहेत.

नळीनें वा तारेनें धमनीस छिद्र पडलें तरी ती झटकन् मागें ओढावयाची नसते, कारण त्या क्षणीं तीच छिद्राचें बूच असते. रक्त न गोठण्यासाठीं दिलेल्या हेपॅरिनवर प्रोटामिनचा उतारा देऊन तिच्याच वाटेनें छिद्र बुजवितात. धमन्यांच्या आधीं नीला बुजणें मात्र फार वाईट. नळ चालू ठेवून मोरी तुंबविण्यासारखेंच तें. म्हणून डॉक्टर अर्ध्यावर थांबले तर नाराज होऊं नये.

मुळांत हात घालावा कीं नाहीं, हाही प्रश्न आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अरूबा चांचणींत, न फुटलेल्या गुंत्याच्या २२३ रुग्णांपैकीं केवळ औषधोपचारावर ठेवलेल्यांत मृत्यु व पक्षाघात कमी आढळले. पाहणीचा काळ थोडा होता, हा तीवरील आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. ज्याचा गुंता एकदां फुटला आहे त्याची गोष्ट निराळी. पुन्हां रक्तस्राव होण्याचें भय पहिल्या वर्षांत विशेष असतें.