‘एक काम’ म्हणजे किती?

नागपुरातल्या गड्डीगोदाममधल्या किंवा मंगळवारी बाजारालगतच्या एखाद्या घरकामगार बाईला “रोज किती तास राबता?” असं विचारा, ती घुटमळते. “किती कामं आहेत?” विचारलं तर उत्तर तयार असतं. घरकामात मोजमाप तासांचं नाही, कामांचं आहे. भांडी हे एक काम, झाडू-पोछा दुसरं, कपडे तिसरं, पोळ्या चौथं.

काम धरताना बोली होते ती माणसं किती, खोल्या किती, भांडी एक वेळची की दोन वेळची यावर. महिन्याचा आकडा ठरतो आणि तिथंच थांबतो. काम थांबत नाही. लेक बाळंतपणाला येते, पाहुणे आठवडा काढतात, भांडी दुप्पट होतात, पगार तोच. नागपुरात उन्हाळ्यात वर कुलर. पारा ४५ अंशांकडे गेला की टाकी रोज भरावी लागते. बोलीत ते कधीच नसतं. “जाता जाता दोन बादल्या टाकून दे,” एवढ्यावर अख्खा मोसम निघतो. माझ्या मते घरकामातली निम्मी पिळवणूक या ‘जाता जाता’त आहे.

शिवाय कामं साखळीत असतात. समजा, बायरामजी टाऊनमधलं पहिलं घर सातचं. तिथं दार अर्धा तास उशिरा उघडलं, की सदरमधलं दुसरं सरकतं आणि सिव्हिल लाइन्समधल्या तिसऱ्या घरी, जिथं ऑफिसची घाई, तिथं बोलणी खावी लागतात. म्हणून चार पैसे कमी मिळाले तरी चालत जाता येईल असंच काम बाया धरतात. ऑटोचे पैसे गेले की जास्तीचा पगार उरतोच कुठे?

आता खाडा. समजा चार कामं आहेत, प्रत्येकी १,२०० रुपयांची. महिन्याचे ४,८०० झाले. दोन दिवस ताप आला आणि चारही घरांनी पैसे कापले, तर ३२० रुपये गेले, औषधाचे वेगळे. आजार लांबला तर बदली बाई द्यायची, आणि ती बदलीच तिथं कायम होईल ही धास्ती बाळगायची. शाळेच्या फीसाठी उचल घेतलेली असेल तर ती फिटेपर्यंत कितीही जाच झाला तरी ते घर सुटत नाही.

याविरुद्ध बाया गप्प बसल्या असं नाही. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. पुढे राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आला. १८ ते ६० वयाच्या कामगारांची त्यात नोंदणी होते, पण तो कल्याणाचा कायदा आहे: पगार किती, साप्ताहिक सुट्टी कोणती, हे त्यातून ठरत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं मात्र घर हेही कामाचं ठिकाण मानलं. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

नोंदणीचं मोल कोविडमध्ये कळलं. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं १,५०० रुपयांची मदत जाहीर केली ती फक्त नोंदणीकृत घरकामगारांना. नोंदणीसाठी वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, तो बहुतेकींकडे असतो. अडतं ते ‘ही माझ्याकडे काम करते’ या मालकाच्या दाखल्यापाशी. पोळ्या चांगल्या होतात म्हणून शेजारणीजवळ जिचं तोंडभरून कौतुक करतात, तिच्यासाठी कागदावर सही करायची म्हटली की लोक बिचकतात. सही केली तर उद्या काहीतरी गळ्यात पडेल असं वाटतं. कुणी दिलाच दाखला, तरी सरकारी कार्यालय उघडतं ते तिच्या तिसऱ्या कामाच्या वेळेला. म्हणजे तिथंही खाडाच.