गोविंदा ते लगोरी : रोबोकॉनच्या दावेदारांचा मागोवा

मोऱ्याची लाँच भरती-ओहोटीच्या तालावर चालते. पाणी उतरलं की उरणजवळच्या मोरा बंदराशी नुसता गाळ उरतो आणि मुंबईच्या बाजूला माणसं भाऊच्या धक्क्यावर ताटकळतात. २००८ सालात असाच एका संध्याकाळी मी तिथे अडकलो होतो. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची बेस प्लेट, पिशवीत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले सेन्सर आणि कुर्ल्याच्या भंगारातून निवडून आणलेल्या दोन वायपर मोटर. शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या मावशीनं विचारलं, "काय रे, बोटीचं सामान का?"

"नाय मावशी, रोबो बनवतोय."

"काय करंल तो?"

"दहीहंडी."

मावशी खो खो हसली. "आनि थर कोन लावंल?"

त्या वर्षी कॉलेजाकॉलेजांत हाच प्रश्न सोडवणं चाललं होतं. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांनी चालवलेली इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. २००८ ला तिचं यजमानपद भारताकडे, म्हणजे पुण्याकडे आलं आणि खेळाचं नाव ठरलं 'गोविंदा'. उंचावरचं लोणी यंत्रांनी पटकावायचं, तेही एकमेकांच्या मदतीनं. देशाचा संघ निवडणारी राष्ट्रीय फेरीही पुण्यातच. आमचं कॉलेजही त्यात उतरलं होतं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पाऊल ठेवताच जो तो एकच गोष्ट विचारत होता : यंदा दावेदार कोण? तोच प्रश्न घेऊन आज मागे वळून पाहतो आहे.

या खेळाचं मूळ जपानमध्ये आहे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना एक कामगिरी दिली : टॉर्चमध्ये घालतात तसल्या जाडजूड दोन सेलवर माणसाला वाहून नेणारी गाडी बनवा. मोटर कितीची, गिअर कसा, चाकाचं घर्षण किती, सगळा जमाखर्च त्या दोन सेलमध्ये बसवायचा. त्यातून १९८८ मध्ये एनएचके या जपानी प्रसारण संस्थेची रोबोकॉन सुरू झाली आणि २००२ मध्ये टोकियोतच आशिया-पॅसिफिकची पहिली स्पर्धा झाली.

नियम थोडक्यात सांगतो. समोरासमोर दोन संघ, एक लाल, एक निळा. सामना तीन मिनिटांचा. प्रत्येक देशाचा एक संघ, यजमानाचे दोन. खेळ दरवर्षी नवा आणि तो ठरवायचा मान यजमानाचा, त्यामुळे दर वर्षी कुणाच्या तरी घरचा सण नाहीतर खेळ मैदानात उतरतो. २००५ ला बीजिंगनं चीनच्या भिंतीवर ज्योत पेटवायला लावली, २०१० ला कैरोनं पिरॅमिड रचायला लावले, २०१२ ला हाँगकाँगनं त्यांच्या बेटावरच्या जत्रेतले पाव गोळा करायला लावले. खेळ पुरा करून सामना तिथल्या तिथे जिंकला, तर त्या विजयालाही यजमानाच्या भाषेतलं नाव. थायलंडचं 'चायो', मंगोलियाचं 'ऊखाई'. पुण्याचं २००८ मध्ये 'गोविंदा' आणि २०१४ मध्ये 'शाबाश'.

२०१४ चा पुण्याचा खेळ मला अजून आवडतो. आई-बापाचा एक रोबो आणि मुलाचा एक. मोठ्यानं लहानग्याला उचलून सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोक्यावर द्यायचं आणि शेवटी लहानग्यानं जंगल जिम चढायचा. मोठा रोबो माणसाच्या हुकमात, लहान स्वतःच्या अकलेवर. झोक्यावर बसवताना बोटभर चूक झाली तरी खेळ खोळंबायचा.

आता दावेदार. पहिली स्पर्धा टोकियोत असूनही ती हो ची मिन्ह सिटीच्या तंत्रज्ञान विद्यापीठानं नेली. त्याच विद्यापीठानं २००४ आणि २००६ मध्येही ग्रां प्री जिंकली. मधल्या २००३ ला बँकॉकमध्ये याहून मोठा धक्का बसला होता. जिंकलं ते सावांग देन दिनचं कॉलेज. हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं आणि त्यातच सगळं आलं. थायलंडच्या ईशान्येतल्या एका तालुक्याच्या गावचं ते व्यवसाय शिक्षणाचं कॉलेज, आपल्या आयटीआयच्या कुळातलं. नामांकित विद्यापीठांची पोरं बघत राहिली आणि तालुक्याची पोरं करंडक घेऊन गेली.

मग चीनचा काळ आला. २००७ ते २०१० सलग चार विजेतेपदं, त्यातली पहिली दोन शिआन जिआओतोंग विद्यापीठाची. पुण्यातली 'गोविंदा'ही त्यांचीच. त्यानंतर ज्यांच्याकडे सगळे धास्तीनं पाहू लागले ते व्हिएतनामचं लाक होंग विद्यापीठ. बिएन होआ शहरातलं, १९९७ मध्ये सुरू झालेलं खासगी विद्यापीठ. २०१४ ला पुण्यात येऊन जिंकलं, २०१७ ला टोकियोत आणि २०१८ ला घरच्या मैदानावर. २००२ ते २०१९ या अठरा स्पर्धांत व्हिएतनामची सात विजेतेपदं झाली. भारताचं एकही नाही.

हा आकडा बोचतो, कारण आपल्याकडे पोरांची वानवा नव्हती. अनेक वर्षं राष्ट्रीय फेरी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरायची. अहमदाबादच्या निरमा विद्यापीठाची पोरं आली की बाकीचे गप्प व्हायचे. मुंबई-पुण्यातही चांगली मंडळं उभी राहिली : सीओईपीचं रोबोट स्टडी सर्कल, व्हीजेटीआयची सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन, एमआयटीची टेक टीम, व्हीआयटीचा रोबोटिक्स फोरम, पिंपरी-चिंचवडची टीम ऑटोमेटन्स. पत्र्याच्या ट्रंका, कॉलेजचे टीशर्ट, घोषणा आणि तीन रात्रींचं जागरण तोंडावर. त्या गर्दीत दावेदार ओळखायची आमची रीत साधी होती. कुणाचा बॉट चकचकीत, कुणाची मोटर परदेशी, कुणाच्या मागे गर्दी जास्त.

ही रीत चुकीची निघाली. सरावाच्या मैदानावर एक संघ कोपऱ्यात होता. त्यांचा बॉट दिसायला ओबडधोबड. एक पोरगा बॉट सुरू करी, दुसरा स्टॉपवॉच धरी, तिसरा लाँगबुकात लिही. पुन्हा तेच, पुन्हा तेच. आम्ही मनात हसलो. आमचा बॉट आदल्या रात्री दोन वाजता एकदा पूर्ण धावला होता, मग आम्ही टाळ्या वाजवून झोपलो होतो.

सामन्यात आमचा बॉट पांढऱ्या रेघेवरून हातभर सरकला आणि थांबला. मोटर घूं घूं करत होती, चाक हलत नव्हतं. शाफ्टवरच्या स्प्रॉकेटचा ग्रब स्क्रू ढिला झाला होता. रीट्राय, म्हणजे पुन्हा सुरुवातीची संधी, मागितला, ॲलन की शोधेपर्यंत तीन मिनिटं संपली. कोपऱ्यातला संघ पुढच्या फेरीत गेला.

मोऱ्याला परतल्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना ही कथा सांगितली. त्यांनी आमचा रोबो कधी पाहिला नव्हता. स्प्रॉकेट हातात घेऊन म्हणाले, "हादऱ्यानं ढिलं होनारच, पोरा. शाफ्टला सपाट काप मारला व्हता का? चावी बसवली व्हती का?" दोन्ही केलं नव्हतं. मग शेजारच्या इंजिनाच्या फाउंडेशनचे डबल नट दाखवत म्हणाले, "एकदा चाललं ते सांगू नको. धा वेला चाललं का ते सांग. दर्यात रीट्राय नाय."

तेव्हापासून दावेदारांकडे बघायची माझी नजर बदलली. पुढच्या वर्षांत जिथे जिथे सामने पाहिले तिथे मी लाँगबुक शोधत राहिलो. लाक होंगचे तीन करंडक पाहा. खेळ तीन वेळा वेगळा आणि विद्यार्थीही तेच राहिले नसणार. एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती काही तरी गेल्याशिवाय हे होत नाही. आपल्याकडे अनेक कॉलेजांत चौथ्या वर्षाची पोरं पास होऊन जातात, त्यांच्याबरोबर सगळं शहाणपणही जातं आणि पुढची बॅच पुन्हा तोच ग्रब स्क्रू ढिला करते.

नंतर राष्ट्रीय फेरी दिल्लीला गेली. २०१९ ला उलानबातरच्या खेळात चार पायांवर चालणारा रोबो सक्तीचा झाला आणि चाकांवर वाढलेल्या पोरांची झोप उडाली. २०२० ची फिजीतली रग्बी कोरोनानं गिळली. २०२२ ला यजमानपद पुन्हा भारताकडे, दिल्लीला आलं. खेळ होता लगोरी! मोऱ्याच्या वाळूत फुटक्या कौलांवर आम्ही खेळलो तीच. एका रोबोनं रचलेली लगोरी चेंडूनं उडवायची, दुसऱ्यानं ती पुन्हा रचायची आणि समोरच्यांनी चेंडू मारून त्याला बाद करायचं. गोविंदात वर चढायचं होतं, इथे मोडलेलं पुन्हा रचायचं होतं. रोबोकॉनच्या पोरांना दुसरी गोष्ट जास्त सवयीची असते.

दरम्यान मोराही बदलला. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी अटल सेतू खुला झाला. आता बेस प्लेट घेऊन भरतीची वाट बघायची सक्ती नाही. उरण-मोऱ्याच्या पोरांना कॉलेजही जवळ आणि सुटे भागही घरपोच. तरी बंदरावरचे मिस्त्री, विंच दुरुस्त करणारे, खाऱ्या हवेत तारा कशा टिकवायच्या ते जाणणारे नाखवे यांना कुठल्याही कॉलेजच्या रोबोटिक्स खोलीत बोलावलेलं मी अजून ऐकलेलं नाही. सावांग देन दिनच्या गावकऱ्यांना हे नवल वाटेल.

तेव्हा पुढल्या वर्षी कुणी विचारलं, यंदा दावेदार कोण, तर बॉट बघू नका. त्या संघाची वही मागा. पहिल्या वर्षाच्या पोराला तिच्यातलं गेल्या वर्षीचं अपयश वाचता येतं का, ते बघा. आणि तुमच्या गावात इंजिन उघडून बसणारा मिस्त्री असेल, तर शाळेतल्या पोरांना एक रविवार त्याच्याकडे पाठवा.