रुमालाखालचा पत्ता

बैलबाजारातल्या जुन्या पद्धतीच्या सौद्यात भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबतात, सोडतात आणि आकडा ठरतो. भोवती माणसांचा गराडा असतो, व्यवहार भर उन्हात चाललेला असतो, तरी भाव दोघांपुरताच राहतो. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेतला गुरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा रुमाल नव्याने समजावून सांगायला नको.

इंटरनेटवर ईमेल पत्त्यालाही असाच रुमाल घालतात. सरकारी संकेतस्थळावर एखाद्या कचेरीचा पत्ता शोधला की पुष्कळदा @ या चिन्हाच्या जागी चौकटी कंसात ‘ॲट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ लिहिलेलं दिसतं. ती छपाईची चूक नाही. पत्ता माणसाला कळावा पण यंत्राच्या हाती लागू नये, म्हणून तो मुद्दाम तसा लिहिलेला असतो.

हे यंत्र म्हणजे ‘बॉट’, पानामागून पान वाचत जाणारा संगणकी प्रोग्राम. त्याला मजकुराशी काही देणंघेणं नसतं. @ दिसलं की आजूबाजूची अक्षरं उचलायची आणि यादीत टाकायची, एवढंच त्याचं काम. मग त्या यादीवर नको असलेल्या जाहिरातींचा आणि फसव्या पत्रांचा मारा सुरू होतो. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली ईमेलसाठी @ निवडलं, कारण ते कुणाच्या नावात येत नाही. नेमक्या त्याच गुणामुळे ते आज पत्त्याची चुगली करतं. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क या विक्री प्रतिनिधीने अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात धाडली. नको असलेल्या ईमेलची ती सुरुवात मानली जाते. तेव्हा पत्ते छापील सूचीतून हाताने टंकावे लागले होते. आता ते काम बॉट क्षणात करतो.

अक्षरामागचा आकडा

संगणकाला अक्षर ठाऊक नसतं, आकडा ठाऊक असतो. @ चा आकडा ६४. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीलाही स्वतःचे आकडे मिळाले. त्या हिशेबाने ‘उंबरमाळी’ म्हणजे २३१३, २३०६, २३४८, २३५२, २३५०, २३६६, २३५५, २३६८. अनुस्वार, काना आणि वेलांटी यांचेही आकडे वेगळे, म्हणून एकूण आठ. पान तयार करताना अक्षरांऐवजी हे आकडे ठरलेल्या खुणांमध्ये लिहिले, तर ब्राउझर ते उलगडून पडद्यावर ‘उंबरमाळी’ असंच दाखवतो. पानाचा कच्चा मजकूर चाळणाऱ्या आळशी बॉटला मात्र नुसते आकडे दिसतात.

दुसऱ्या युक्त्या आपल्या लहानपणीच्या ‘च’च्या भाषेसारख्या आहेत. त्या भाषेत ‘शहापूर’चं ‘चहापूरश’ होतं. नियम माहीत असला की उलगडायला वेळ लागत नाही. तसंच पत्ता कच्च्या मजकुरात उलटा लिहून पडद्यावर सुलटा दाखवता येतो, किंवा प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरं पुढे सरकवून ठेवता येतं. वाचकाने पान उघडलं की छोटा प्रोग्राम ते पूर्ववत करतो.

याचा उपयोग होतो का, हे स्वित्झर्लंडच्या सिल्वान म्युलेमान यांनी मोजून पाहिलं. वेगवेगळ्या रीतीने झाकलेले पत्ते त्यांनी सुमारे दीड वर्ष उघड्यावर ठेवले आणि २००८ मध्ये निकाल मांडला. उघड्या पत्त्यावर २१ मेगाबाइट कचरा आला. चिन्हांच्या जागी आकडे घातलेल्या पत्त्यावर १.६ मेगाबाइट, तर ‘ॲट-डॉट’वाल्यावर ०.१ मेगाबाइटहूनही कमी. उलटा लिहिलेला आणि तेरा घरं सरकवलेला, हे दोन्ही पत्ते कोरडे राहिले. उघडे पत्ते ढिगाने मिळत असताना झाकलेल्यामागे बॉट वेळ घालवत नव्हते.

आता काळ बदलला आहे. आजचे बॉट ब्राउझरसारखंच पान उघडून पाहू शकतात आणि ‘ॲट’ म्हणजे @ हे भाषा समजणाऱ्या यंत्रांना सांगावं लागत नाही. म्हणजे रुमाल अजून थोडा उपयोगी आहे, पण तो कुलूप नाही.

झाकलं कुणापासून?

माझ्या लेखी खरा प्रश्न इथे आहे. खर्डी आणि कसारा यांच्यामधल्या उंबरमाळी स्टेशनवर लोकलची वाट पाहत कुणी दाखल्यासाठी कचेरीला ईमेल करू पाहत असेल, तर ‘ॲट’ काढून तिथे @ घालायचं हे त्याला कुणी सांगितलेलं असतं? तो पत्ता आहे तसाच उतरवतो आणि ईमेल जात नाही. पत्त्याचं चित्र करून लावलं तर दृष्टिहीन माणसाचा वाचक-प्रोग्राम तिथे मुका होतो. उलटा लिहिलेला पत्ता कॉपी केला तर उलटाच उतरतो.

मराठीने ही किंमत एकदा मोजली आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे प्रत्येक फॉन्टचा आकड्यांचा हिशेब वेगळा होता. पडद्यावर डोळ्यांना मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची विस्कटलेली रास असे. शोधयंत्राला ती सापडत नव्हती, वाचक-प्रोग्रामला उच्चारता येत नव्हती आणि तो फॉन्ट नसला की माणसालाही वाचता येत नव्हती. कुणापासूनही लपवायचं नसताना आपण कितीतरी मजकूर लपवून बसलो.

म्हणून तांदूळ किंवा मध विकणाऱ्या एखाद्या बचतगटाने आपलं पान काढलं, तर कामासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडावा. तो आकड्यांत किंवा छोट्या प्रोग्रामने झाकावा, म्हणजे बोट लावताच ईमेल लिहायची खिडकी उघडेल. आलेला कचरा ईमेल सेवेच्या गाळणीला गाळू द्यावा. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि घरचे फोन नंबर मात्र कोणत्याही सांकेतिक रूपात पानावर चढवू नयेत. तिथे रुमाल पुरत नाही.

आणि पत्ता चढवल्यावर एक परीक्षा जरूर घ्यावी. ज्याने ते पान कधी पाहिलेलं नाही, अशा गावातल्या माणसाच्या हातात फोन द्यावा आणि काही न सांगता म्हणावं, ‘इथे एक ईमेल पाठवून दाखव.’ त्याचा ईमेल आला, तर रुमाल नीट बसला.