ओल्या चुन्यावरचा मुक्काम

गाव सोडून परमुलखात निघालेल्या कुटुंबाला देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे कुलदैवताची प्रतिमा उठवलेले धातूचे छोटे पत्रे, फडक्यात गुंडाळून बरोबर नेता येतात. पण ज्या भिंतीपुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले गेले, ती भिंत नेता येत नाही. त्यामुळे एखादा स्थलांतरित समाज नव्या मुलखातल्या आपल्या प्रार्थनास्थळाच्या भिंती धार्मिक चित्रांनी भरून घेतो, तेव्हा आता येथून हलायचे नाही, असे त्याने मनोमन ठरवलेले असते.

कॅनडातील माँट्रियल शहरात इटलीच्या मोलिझे प्रांतातून आलेल्या कष्टकऱ्यांनी उभारलेले ‘मादोन्ना देल्ला दिफेझा’ हे चर्च याचे बोलके उदाहरण आहे. ते पॅरिश चर्च आहे, म्हणजे एका वस्तीचे, तिच्या बारशापासून अंत्यसंस्कारापर्यंतचे सगळे विधी जेथे होतात असे चर्च. त्याचे नावही गावाकडचेच आहे, कारण मोलिझेमधील कासाकालेंदा गावाजवळ मेरीमातेने दर्शन दिले अशी श्रद्धा असलेल्या जागेवरून ते घेतलेले आहे. कुलदैवताच्या नावाने परगावी देऊळ बांधणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९१९ मध्ये इमारत उभी राहिल्यानंतर ग्विदो निंकेरी या इटालियन चित्रकाराने तिच्या भिंती आणि घुमट रंगवले. पोप आणि इटलीचे सरकार यांच्यात १९२९ मध्ये झालेल्या आणि व्हॅटिकनला स्वतंत्र राज्याचा दर्जा देणाऱ्या लॅटरन कराराच्या गौरवार्थ त्या चित्रात घोड्यावर बसलेला मुसोलिनीही आला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच निंकेरींना अटक होऊन काही महिने छावणीत राहावे लागले आणि तो चित्रभाग झाकण्यात आला. युद्धानंतर आच्छादन निघाले. देवदूतांच्या खाली तो हुकूमशहा आजही आहे, आणि २००२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलेल्या त्या वास्तूत तो तसाच ठेवला गेला हे योग्यच झाले, कारण समाजाने काय पूजले आणि त्याची काय किंमत मोजली, ही दोन्ही एकाच भिंतीवर वाचता येतात.

भिंतीवरची अशी चूक सहजी खोडता येत नाही, याचे कारण फ्रेस्को या तंत्रातच आहे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘ताजे’ असा आहे. भिजवून मुरवलेला चुना आणि स्वच्छ धुतलेली वाळू यांचा गिलावा भिंतीवर चढवायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावायचे, एवढीच त्याची रीत आहे. मात्र ती अतिशय कडक आहे. गिलावा सुकताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो आणि रंगाचे कण त्या कवचात कोंडले जातात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतच रंगीत होते. चुन्याच्या दाहक गुणापुढे टिकणारे गेरू, पिवडी यांसारखे मातीचे रंगच त्यासाठी मुख्यतः चालतात. दिवसभरात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी चढवला जातो, आणि या एका दिवसाच्या तुकड्याला इटालियन कारागीर ‘जोर्नाता’ म्हणतात. अजिंठ्याची चित्रे सरसकट फ्रेस्को म्हटली जात असली, तरी ती या अर्थाने फ्रेस्को नव्हेत; तेथे मातीच्या सुकलेल्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत.

महाराष्ट्राच्या शेजारी इटालियन हातांनी घडलेले असे मोठे काम पाहायचे, तर मंगळूरला जावे लागते. तेथील कोकणीभाषक ख्रिस्ती समाज बहुतांशी सोळाव्या ते अठराव्या शतकांत गोव्यातून स्थलांतरित झालेल्यांचा वंशज आहे, आणि ३१ डिसेंबर १८७८ रोजी त्यांच्यात येऊन पोहोचलेले जेझुइट धर्मगुरूही परमुलखातलेच होते. पोटासाठी गाव सोडणारा मजूर आणि धर्मकार्यासाठी समुद्र ओलांडणारा पाद्री यांचे स्थलांतर एका तागडीत तोलता येणार नाही, तरीही मंगळूरच्या टेकडीवर दोन्ही प्रवाह एकत्र आले. जेझुइटांनी १८८० मध्ये सेंट अलॉयशियस कॉलेज काढले, पाठोपाठ त्याचे चॅपेल, म्हणजे संस्थेपुरते लहान प्रार्थनामंदिर, बांधले, आणि ते रंगवण्यासाठी बेर्गामोजवळच्या स्तेत्सानो गावात १८५४ मध्ये जन्मलेले ब्रदर अंतोनियो मोस्केनी आले. १८९९ पासून सुमारे दोन वर्षांत त्यांनी भिंती फ्रेस्कोंनी आणि छत प्रामुख्याने कॅनव्हासवरील तैलचित्रांनी भरून टाकले.

छताच्या मध्यभागी संत अलॉयशियसचे चरित्र आहे. सरदार घराण्यातील वारसाहक्क सोडलेला हा तरुण रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आजारी पडून १५९१ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. मोस्केनी हे प्रसंग रंगवत होते तेव्हा मुंबईत १८९६ मध्ये उद्भवलेल्या प्लेगची धास्ती देशभर पसरलेली होती, आणि पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू येऊन फार काळ लोटला नव्हता. धर्म, देश आणि काळ निराळे असूनही मराठी वाचकाला या चित्रापाशी क्षणभर थांबावेसे वाटेल.

पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस अशा चित्रांचा मोठा वैरी आहे, कारण भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणते आणि त्यांचे स्फटिक रंगाची खपली उचलतात. १९९० च्या दशकात इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेच्या तज्ज्ञांनी मंगळूरच्या चित्रांवर उपचार केले. आपल्याकडे मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या देवळांच्या चुन्याच्या भिंतींवर सर्रास तैलरंग फासला जातो. त्याने भिंतीचा श्वास कोंडतो, ओल आतच राहते, आणि खाली एखादे चित्र असेल तर ते कुणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच गळून पडते. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातील चित्रे उरली आहेत, म्हणून निदान काय गमावले याचा अंदाज तरी करता येतो.

मंगळूरनंतर मोस्केनी यांनी कोचीच्या सांताक्रूझ कॅथेड्रलचे काम हाती घेतले. त्या चर्चचा अभिषेक १९ नोव्हेंबर १९०५ रोजी झाला. चारच दिवस आधी, १५ नोव्हेंबरला, मोस्केनी वारले होते. बेर्गामोला ते परतले नाहीत.