शब्दकोडं अडलंय? आधी वेलांटी तपासा!

गावात पेपर आला की एकजण बातम्या वाचतो आणि दुसरा कोड्याच्या पानासाठी थांबलेला असतो. निम्मं कोडं झटपट सुटतं, मग एका कोपऱ्यात गाडी अडते. बरेचदा शब्द माहीत असतो, पण कानाला सारखे वाटणारे दोन शब्द घोटाळा करतात.

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात दिलं. इंग्रजी कोड्यात चौकोनात एकेक सुटं अक्षर बसतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसतं. ‘सरस्वती’ला 4 चौकोन लागतात. म्हणून वेलांटी चुकली की दुसरा शब्दही बिघडतो.

उदाहरण बघा. आडवा शब्द, 2 अक्षरं : ‘गरीब’. घाईत ‘दिन’ लिहिलं जातं. त्याच चौकोनातून उभा शब्द, 3 अक्षरं : ‘दिवा’. उत्तर ‘दीपक’, म्हणजे वेलांटी दुसरी हवी. मग आडवा शब्दही ‘दीन’. ‘दिन’ म्हणजे दिवस.

अशा जोड्या पाठ ठेवा

सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे स्वर. ‘पाणिग्रहण’ म्हणजे लग्न. त्यातला ‘पाणि’ म्हणजे हात, प्यायचं पाणी नव्हे.

नियम सोपा आहे. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो : मीठ, ऊस, सूत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले दिन, सुत, शिर हे शब्द मात्र मुळाप्रमाणेच ऱ्हस्व राहतात.

फसवे संकेत

काही कोड्यांत एकाच शब्दाचे दोन अर्थ लपवतात. ‘सरकार घेतं, शरीरालाही असतो’ : कर. ‘नदीला असतो, धनुष्यातूनही सुटतो’ : तीर. ‘गळ्यात पडला तर मान, मैदानात झाली तर अपमान’ : हार. इथे ‘पडला’ आणि ‘झाली’ यातच खूण आहे, तो हार फुलांचा आणि ती हार पराभवाची.

त्यामुळे आधी अक्षरं मोजा, पेन्सिलने लिहा आणि छेदणारा शब्द जुळल्याशिवाय पेन लावू नका. पोलीस भरती, तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी तर रोज एक कोडं सोडवावं. तिथल्या मराठीच्या पेपरात वेलांटीवरूनच गुण जातात. इथे ती चूक खोडरबराने पुसता येते.