विमानाचं पेट्रोल, शर्यतीची इंजिनं

1957 पर्यंत फॉर्म्युला वनच्या टाकीत काय ओतायचं याला फारसा धरबंध नव्हता. मिथेनॉल, बेंझॉल, अ‍ॅसिटोन, ज्या इंजिनाला जे मानवेल ते. 1958 साली नियम आला : 100/130 प्रतीचं विमानाचं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस. आपल्या पेट्रोलवर शर्यत जिंकल्याची जाहिरात करता यावी, ही तेलकंपन्यांची ओढ त्यामागे होती. शर्यतीचं किमान अंतरही 500 वरून 300 किलोमीटरवर आलं.

इंजिनांना हा बदल जड गेला. मिथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषली जाते. त्यातच ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त जाळावं लागतं, त्यामुळे सिलिंडर आतूनच गार राहतो. हा गारवा जाताच पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापू लागले, अश्वशक्ती घसरली. व्हॅनवॉल आणि बीआरएम यांची इंजिनं वेळेत तयार झाली नाहीत, म्हणून जानेवारीत ब्वेनोस आयर्सला ते संघ गेलेच नाहीत. तिथे स्टर्लिंग मॉसनं रॉब वॉकर यांची, दोन लिटरहून लहान इंजिनाची कूपर टायर न बदलता शेवटपर्यंत दामटली आणि फेरारीला मागे टाकलं. व्हॅनवॉलनं पुढे त्याच वर्षी सहा शर्यती जिंकून उत्पादकांचं पहिलंवहिलं विजेतेपद पटकावलं. धावपळीत नव्या इंधनाला जुळवून घेतलेल्या इंजिनाची ही कामगिरी मला त्या हंगामातली सर्वांत मोठी वाटते. 1961 पासून साधं, पंपावरचं पेट्रोल आलं. म्हणजे अ‍ॅव्हगॅसचा काळ जेमतेम तीन हंगामांचा, पण त्या काळातल्या गाड्यांचं ते अस्सल इंधन आहे.

खरी गफलत होते ती इतर जुन्या गाड्यांच्या बाबतीत. ‘विमानाचं पेट्रोल, म्हणजे ताकद जास्त’ असं अनेक हौशी मालक धरून चालतात. ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे. दाबलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकलं की इंजिन नॉक करतं. ते टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. कॉम्प्रेशन अकराला एक किंवा त्याहून जास्त असेल तर अ‍ॅव्हगॅस पिस्टन वाचवतं. आठला एक असलेल्या इंजिनात ते ओतून पदरात काहीच पडत नाही. आकड्यांचीही फसगत असते : 100एलएल या आजच्या अ‍ॅव्हगॅसचा शंभर हा मोटर पद्धतीच्या मोजणीजवळचा आकडा, तर युरोपातल्या पंपावरचा 98 हा रिसर्च पद्धतीचा. त्याच 98 ला मोटर पद्धतीनं मोजलं तर तो सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीवर येतो.

शिवाय अ‍ॅव्हगॅस हलकं असतं, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या फ्लोटची पातळी तपासावी लागते, बहुधा जेटही थोडे मोठे बसवावे लागतात. ते लवकर उडून जात नाही. साठवणीला हा गुण, पण थंडीत सकाळी इंजिन सुरू करायला अडचण. त्यात इथेनॉल नसतं, हा जुन्या रबरी नळ्यांना मोठाच दिलासा. मात्र प्लग काढून पाहावा. कमी फेऱ्यांवर रेंगाळलेल्या इंजिनात पोर्सिलेनच्या बुडाशी इंधनातल्या शिशाचे करडे, कडक मणी चिकटलेले दिसतात. विमानाचं इंजिन तासन्‌तास एकसारखं फिरतं. शर्यतीची गाडी मात्र रांगेत उभी राहते, वळणावर मंदावते, पुन्हा उसळते, आणि तेवढ्यात प्लग दगा देतो.

शिशाबद्दल मला हातचं राखून लिहिता येत नाही. 1921 मध्ये संशोधक थॉमस मिजलीनं टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉक रोखण्याचा गुण हेरला, आणि पुढच्या पिढ्यांच्या रक्तात ते विष उतरलं. भारतात शिशाचं मोटार-पेट्रोल 2000 साली संपलं, जगात शेवटी 2021 मध्ये अल्जीरियानं ते थांबवलं. 100एलएलमध्ये मात्र लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं आजही चालतं. व्हॉल्व्हच्या सीटना शिशाच्या थराचा आधार असतो हे खरं; पण कठीण धातूच्या सीट बसवल्या की ते काम भागतं. लहान मुलांच्या मेंदूला होणाऱ्या इजेवर असा कुठलाही सुटा भाग मिळत नाही.

जुन्या गाड्यांना दुसरा मार्गही आहे. इंग्लंडातलं गुडवुड हे मुळात युद्धकाळातला लढाऊ विमानांचा तळ. त्याच्या कडेच्या रस्त्यावर 1948 मध्ये शर्यती सुरू झाल्या. 2024 मध्ये तिथल्या रिव्हायव्हल महोत्सवातल्या सगळ्या शर्यती शाश्वत इंधनावर झाल्या. त्यासाठी जेट आणि इग्निशनचं टायमिंग पुन्हा जुळवावं लागलं तरी हरकत नाही. व्हॅनवॉलच्या कारागिरांनी 1958 च्या हिवाळ्यात याहून अवघड काम केलं होतं.