डेटाचा जमाखर्च

ज्या घरात किराण्याचा हिशेब वहीत आणि विजेचा हिशेब मीटरवर नित्यनेमाने पाहिला जातो, त्याच घरात इंटरनेटचा डेटा कोठे व किती खर्च झाला याची गंधवार्ताही सहसा कोणाला नसते. वस्तुतः हे मोजमाप अवघड नाही. वेग बिटमध्ये सांगतात, मर्यादा बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून सेकंदाला ५ मेगाबिट वेगाने येणारा चित्रपट तासाभरात सुमारे सव्वादोन जीबी डेटा खर्ची घालतो. नेटफ्लिक्सवर एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत, फोर-के चित्राला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. सर्वांत कनिष्ठ दर्जाचे काम मात्र सुमारे ०.३ जीबीत भागते.

फायबरच्या अनेक 'अनलिमिटेड' योजनांतही महिन्याला ३३०० जीबींची मर्यादा असते. परंतु एचडी चित्र अहोरात्र चालू ठेवले, तरी एका पडद्याकडून ती संपत नाही. ज्या घराचा सारा व्यवहार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व दिवसाच्या दीड जीबीवर चालतो, तेथे मात्र तेच चित्र अर्ध्या तासात दिवसाची सारी शिल्लक संपवते. मर्यादा संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नये, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ साली दिला. तथापि त्या वेगाने एक जीबी उतरवण्यास चार तासांहून अधिक काळ लागतो, म्हणजे निरोप पोहोचतात, चित्रपट पोहोचत नाही.

यास्तव पहिली तजवीज चित्राच्या दर्जाची करावी, कारण मोबाइलच्या लहान पडद्यावर ४८० पी पुरेसे असते आणि खरी बचत तेथेच होते. दुसरी तजवीज अशी, की जे पुन्हा पाहावयाचे ते एकदाच डाउनलोड करावे. दोनदा स्ट्रीम केले, तर खर्चही दोनदा पडतो. बहुतेक मोबाइल योजनांत दैनिक हिशेब मध्यरात्री नव्याने सुरू होतो व उरलेला डेटा बुडतो. म्हणून रात्रीच्या शिलकीत उद्याचा धडा उतरवून ठेवावा. विंडोजच्या संगणकावर हॉटस्पॉटची जोडणी 'मीटर्ड' ठरवावी, म्हणजे मोठे अपडेट परस्पर उतरत नाहीत.

ज्या घरात एकच फोन वडिलांचे काम, आजीची करमणूक आणि मुलीचा अभ्यास या तिन्हींचा भार वाहतो, तेथे दुपारी ऑटोप्लेने आपोआप चालू राहिलेले व्हिडिओ संध्याकाळच्या तासिकेचा वाटा खाऊन टाकतात. ते एक बटण बंद करणे हा कृपणपणा नव्हे, तर त्या मुलीचा हक्क तिच्यासाठी राखून ठेवणे होय.